तीनरंगी मांजरीचा उपास

आमच्या हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या सोसायटीत मांजरं आवडणारा माणूस एकही नाही. हे मला सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळलं. मांजरं गाडीच्या टपावर झोपतात, मांजरं जिन्यात रडतात, मांजरांमुळे मुलांना खोकला होतो, मांजरांमुळे फ्लॅटला गिऱ्हाईक येत नाही, असं तिथे रोज कुणी ना कुणी लिहायचं. नळाला पाणी येत नाही आणि लिफ्ट तिच्या मनात आलं तरच चालते, ह्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नसे. मांजरं उलट उत्तर देत नाहीत, त्यामुळे त्यांच्याविषयी तक्रार करणं सोयीचं पडतं.

आणि अशा ह्या सोसायटीत जनरेटरच्या खोलीमागे मांजरांचं एक अख्खं खटलं राहत होतं. सगळी गुटगुटीत. हवा खाऊन झाली असावीत.

त्यांना उघडपणे खायला घालणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे सेक्रेटरींची आई. सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात. त्यांचं घराणं निजामाच्या वेळेपासून इकडचं, मूळचं बिदरकडचं शेतकरी कुटुंब, पण दोन पिढ्यांपासून नोकरीतलं. सोसायटीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. म्हातारी तिन्हीसांजेला मागच्या दारात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायची, पितळेची वाटी पायरीवर दोनदा आपटायची, आणि जनरेटरच्या मागून सगळी मंडळी शेपट्या वर करून यायची. मी गप्पा मारायला शेजारी बसत असे. तिला माझ्यापेक्षा मांजरांशी बोलायला जास्त आवडायचं, आणि ते तिने कधी लपवलं नाही.

गेल्या वर्षी गणपती उठले आणि म्हातारी आजारी पडली. दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. मग मांजरांना खायला घालायचं काम कुणी न सांगता माझ्याकडे आलं. अशी कामं माझ्याकडे फार येतात.

मी नोकरीभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे एकाची चार आणि चाराची सोळा कशी होतात हे मला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नुसतं खायला घालत राहणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात मेलेली पिल्लं गाड्यांखालून काढणं. मी चौकशी केली. प्राण्यांसाठी काम करणारी काही मंडळी पिंजरे उसने देतात. मांजर पकडायचं, डॉक्टरकडे नेऊन त्याचं ऑपरेशन करून घ्यायचं, ओळखीसाठी डाव्या कानाचं टोक जरासं कापून घ्यायचं, आणि बरं झालं की होतं तिथेच आणून सोडायचं. मग जन्मभर वेळेवर खायला घालायचं आणि लक्ष ठेवायचं. मी हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं. इतकी शांतता त्या मीटिंगमध्ये राष्ट्रगीतालासुद्धा होत नाही.

"काय वो ताई," सेक्रेटरी म्हणाले, "पकडायचं, खर्चापाण्याचं बघायचं, अन् परत इथंच आणून सोडायचं? हे कुठलं गणित? पोत्यात भरू अन् गौलीगुड्याच्या बाजारात सोडून देऊ. तिथं उंदरं लई आहेत. त्यांचंबी पोट भरेल, आपलीबी परेशानी खतम."

"ही गेली की शेजारच्या विद्यानगरची येतील," मी म्हटलं. "जागा आणि कचरापेटी तीच आहे. ह्यांची निदान मला माहिती तरी आहे. नवीन आलेल्यांशी पहिल्यापासून ओळख करून घ्यायला मला वेळ नाही."

बराच वाद झाला. शेवटी सगळ्यांनी मिळून माझ्यावर मोठे उपकार केले. दसऱ्यापर्यंत काय करायचं ते करा म्हणाले. दसऱ्यानंतर एक जरी नवीन पिल्लू दिसलं, तर पोती. हा निर्णय ज्यांनी हात वर करून दिला, त्यांच्यातल्या एकीच्या पदराला मांजराचे केस चिकटलेले होते.

मांजर पिंजऱ्यात यायचं तर त्याला भूक लागलेली असावी लागते, म्हणून आदल्या दिवशी त्याला उपास घडवायचा असतो. मी ग्रुपवर लिहिलं की उद्या मांजरं पकडायची आहेत, तरी कृपा करून आज कुणी त्यांना काही घालू नये. त्यावर सगळ्यांनी जोडलेले हात आणि अंगठे पाठवले आणि आम्ही कशाला घालू, असं विचारलं. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याशेजारून सगळी मांजरं ढेकर दिल्यासारखी निघून गेली. दुसऱ्या मजल्यावरून बिर्याणीतली हाडं आली होती, तिसऱ्या मजल्यावरून दहीभात, आणि मुलांच्या खोकल्याची तक्रार करणाऱ्या बाईंकडून दुधात कुस्करलेली बिस्किटं. मग मी दारोदार गेले. मांजरांचा तिरस्कार करणाऱ्या एकेका माणसाला समोर उभं करून सांगितलं की आजच्या दिवस तुमचा तिरस्कार आवरा.

मांजरांना मासळीचा वास लागतो असं सगळे सांगतात, म्हणून रामनगरच्या मासळीबाजारात जाणं आलं. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. मी नाकाला पदर लावून तळलेल्या मासळीचे तुकडे आणत असे आणि ते बाल्कनीत ठेवत असे. माझा नवरा त्या दिवसांत जेवणाचं ताट घेऊन बेडरूममध्ये जाई. निवृत्तीनंतर आपण निवांत गीता वाचू असं ठरलं होतं, ह्याची आठवण तो मला तिथून करून देई.

पण मांजरं पकडली गेली. ताटलीवर पाय पडला की दार खाली येतं, मग लगेच पिंजऱ्यावर चादर टाकायची, म्हणजे अंधारात जनावर शांत होतं. डॉक्टर नामपल्लीकडे बसतात. सकाळी चादरीतून गुरगुर येणारा पिंजरा घेऊन ऑटोत बसलं की ऑटोवाला आरशातून बघायचा. एकाने तर विचारलं, "अम्मा, सुबे सुबे शेर लेके कां जा रें?" मी म्हटलं, "नसबंदी को." मग नामपल्ली येईपर्यंत तो माझ्याशी अतिशय अदबीने वागला.

राहिली फक्त एक. काळी, पांढरी आणि तांबूस अशी तीनरंगी मांजरी. सगळ्या खटल्याची आई तीच. ती असेपर्यंत बाकीचं केलेलं सगळं फुकट होतं, कारण दसऱ्याच्या आसपास ती पुन्हा पिल्लं घालणार हे तिच्या आजवरच्या सवयीवरून दिसत होतं. ती पिंजऱ्यासमोर यायची, मासळीचा वास घ्यायची, आणि माझ्याकडे बघायची. असं बघणं मी फक्त माझ्या सासूबाईंकडे पाहिलं होतं, तेही माझी पहिली पुरणपोळी ताटात पडली तेव्हा. मासे बदलले, पिंजरा बदलला, जागा बदलली. ती काही आत जाईना. दसरा जवळ येत चालला आणि मला खरोखर रात्रीची झोप येईनाशी झाली. पोत्यात मांजरं कशी भरतात हे मी लहानपणी एकदा पाहिलेलं आहे.

अशात सेक्रेटरींच्या आईचं वर्षश्राद्ध आलं. आदल्या दिवशी मी तीनरंगीला पुन्हा एकदा उपास घडवला होता. सकाळीच सेक्रेटरींच्या बायकोचा फोन. ती पुण्याची, हायटेक सिटीत मोठ्या हुद्द्यावर. वडे करायची तिची रीत म्हणजे मागवणे, आणि गुरुजींनी बाहेरचं चालणार नाही असं सांगितलेलं. "काकू, प्लीज याल का? मला ते वडे अजिबात जमत नाहीत, माझं तर सगळं पॅनिक झालंय." गेले. भांडण सोसायटीचं होतं, म्हातारी माझी होती. वडे तळले, खीर ढवळली, आमटीला फोडणी दिली. तीनरंगीचा पिंजरा खाली पार्किंगमध्ये मासळीसकट तसाच लावलेला होता.

पान वाढून सगळे गच्चीवर गेलो. कठड्यावर कावळ्यासाठी पान ठेवलं आणि वाट बघत उभे राहिलो. ऊन असं की गच्चीवर पापड वाळवावेत. कबुतरं भरपूर आली. हैदराबादेत कबुतरांना काही कमी नाही, पण पितरांनी त्यांना कामाला लावल्याचं कुणी ऐकलेलं नाही, म्हणून सेक्रेटरी त्यांना टॉवेलने हाकलत होते. एक कावळा आला खरा. तो समोरच्या बिल्डिंगच्या डिशवर बसला आणि आमच्याकडे पाठ करून पंख साफ करू लागला.

इथे एक सांगायला हवं. म्हातारीच्या दहाव्यालाही कावळा शिवला नव्हता. बराच वेळ वाट बघून गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला होता आणि विधी उरकला होता. शास्त्राला तो चालतो. सेक्रेटरींना चालला नव्हता. वर्षभर त्यांच्या बायकोने मला दोन-तीनदा सांगितलं होतं की हे झोपेतून उठून बसतात आणि म्हणतात, आईचं काहीतरी राहिलंय. म्हणून आज खरा कावळा शिवल्याशिवाय पान हलवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"काही इच्छा राहिली असेल तर बोलून टाका," गुरुजी घड्याळाकडे बघत म्हणाले. त्यांना पुढे बरकतपुऱ्यात दुसरं श्राद्ध होतं.

सेक्रेटरींनी हात जोडले. "आई, धाकट्याशी बोलणं चालू करतो." कावळा हलला नाही. "आई, गावाकडच्या देवळाचं काम करून देतो." कावळ्याने दुसरा पंख साफ करायला घेतला. "बीपीची गोळी रोज घेतो. सिगरेट सोडतो." ह्यावर तर कावळा उडूनच गेला. अनुभवी असावा. सेक्रेटरींनी बायकोकडे बघितलं, पण तिने विचारायच्या आधीच मान हलवली, ती नोकरी सोडणार नव्हती.

माझ्या नवऱ्याला मधुमेह आहे आणि भूक सहन होत नाही. तो माझ्यामागून हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अहो, मांजरांचं काहीतरी बोलून बघा."

सेक्रेटरींचं तोंड एकदम लहान पोरासारखं झालं. ते कठड्याकडे वळले आणि म्हणाले, "बरं आई. नाही हाकलत मांजरांना. एकालाबी नाही हाकलत."

आणि पाण्याच्या टाकीमागून तीनरंगी बाहेर आली. शेपूट सरळ वर. आमच्या सगळ्यांच्या मधून, कुणाकडेही न बघता, ती कठड्यावर चढली आणि खिरीत तोंड घातलं. खीर संपवून वड्याचा एक तुकडा खाल्ला. मग तिथेच बसून मिशा पुसल्या.

"स्वीकारलं," गुरुजी म्हणाले आणि पळी-पंचपात्र पिशवीत टाकलं. "शास्त्राची काही हरकत नाही." मला वाटतं बरकतपुऱ्याला उशीर होत असेल तर शास्त्राची कशालाच हरकत नसते.

सेक्रेटरी हुंदके देऊन रडत होते. आता त्या माणसाला मी काय सांगू? की साहेब, ह्या तुमच्या मातोश्री नव्हेत, ही माझी पेशंट आहे, काल सकाळपासून माझ्या हुकमाने उपाशी आहे, आणि ह्या क्षणी दगड ठेवला असता तरी तिने चाटला असता? मी गणिताची बाई आहे, पण इतकीही नाही. शिवाय माझ्याच डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. दगड ठेवला असता तरी चाटला असता, हे खरं नव्हतं. खाली पिंजऱ्यात मासळी होती, तिच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ही मांजरी म्हातारीच्या हातची. म्हातारी माळकरी. तिने हिला जन्मापासून दूधपोळी, दूधभात आणि सणासुदीला खीर घातलेली. आणि मी नाक दाबून रामनगरला जात होते आणि तिच्यापुढे मासे ठेवत होते. ती माझ्याकडे तशी का बघायची हे मला आता कळलं.

संध्याकाळी ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला. मांजरांना कोणीही हाकलू नये. त्याखाली बिस्किटवाल्या बाईंनी पहिला नमस्कार टाकला. मी समाधानाने मोबाईल ठेवते न ठेवते तोच दाराची बेल वाजली. सेक्रेटरी.

"ताई, ती तीनरंगी आहे ना. तिला तेवढं आपरेशनला नेऊ नक्को."

"का?"

"कसं सांगू वो. आईचं पान शिवली ती. तिला कापायचं, कान तोडायचा, मला नाही बघवायचं."

मग मात्र माझा तोल सुटला. मी म्हटलं, "तिचंच ऑपरेशन राहिलंय. पुढच्या महिन्यात ती पिल्लं घालेल, त्यातली निम्मी तुमच्याच गाडीखाली मरतील, पुढच्या वर्षी हीच सोसायटी पोती घेऊन उभी राहील, आणि तेव्हा तुम्ही सेक्रेटरी असाल की नाही कुणास ठाऊक! वचन देऊन मोकळं व्हायला अक्कल लागत नाही. हाकलत नाही म्हणालात ना? मग सांभाळा. सांभाळणं म्हणजे हेच. आणि इतकी माया होती तर वर्षभर पोती-पोती का करत होतात?"

ते उत्तर देतील असं मला वाटलं नव्हतं. ते आमच्या चपलांच्या रॅककडे बघत म्हणाले, "दवाखान्यात आई रोज एकच विचारायची. मांजरांना घातलंस का? मी म्हणायचो, घातलं. रोज म्हणायचो. एक दिवसबी घातलं नाही, ताई. कुठं टाइम होता? अन् ती गेल्यावर ही सगळी रोज तिन्हीसांजेला मागच्या दारात येऊन बसायची. वाटी वाजायची वाट बघत. मी दार उघडलं की माझ्या तोंडाकडे बघायची. म्हणून म्हणत होतो, न्या एकदाची कुठंतरी."

नवऱ्याने आतून पाणी आणून दिलं. मला त्यांची फार दया आली, आणि स्वतःच्या मोठ्या आवाजाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तीनरंगीला पुन्हा उपास. ह्या वेळी दारोदार सेक्रेटरी फिरले. त्याच्या पुढच्या सकाळी त्यांनी म्हातारीच्या पितळेच्या वाटीत स्वतः केलेली खीर आणली. खीर तळाला लागली होती आणि वेलदोडा सालीसकट पडला होता. वाटी पिंजऱ्यात आतवर ठेवायच्या आधी त्यांनी ती पायरीवर दोनदा आपटली. जनरेटरच्या मागून तीनरंगी आली, पिंजऱ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि स्वतःच्या घरात शिरावं तशी आत गेली. दार पडलं. ती धडपडली, ओरडली. मी चादर घेऊन पुढे झाले तर सेक्रेटरींनी मला थांबवलं. त्यांनी काखेतून आईचं जुनं, धुऊन विरलेलं लुगडं काढलं आणि पिंजऱ्यावर घातलं. आतला आवाज हळूहळू थांबला.

नामपल्लीच्या ऑटोत ते पिंजरा मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टरांनी मांजरांना दूध-खीर घालू नये, पोट बिघडतं, असं दोघांनाही चांगलं झापलं. ऑपरेशन झाल्यावर कानाचं कापलेलं टोक बघून सेक्रेटरींनी मान फिरवली, पण घरी आणल्यावर ती बरी होईपर्यंत पिंजरा त्यांच्याच हॉलमध्ये, टीव्हीशेजारी होता. बायको घरून काम करत होती आणि मीटिंगमध्ये मधूनच म्याव ऐकू येत होतं. सोडायच्या दिवशी दार उघडलं तशी तीनरंगी जी सुसाट पळाली, तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. कृतज्ञतेची अपेक्षा असलेल्यांनी कुत्रा पाळावा.

दसरा होऊन गेला. नवीन पिल्लू दिसलं नाही. ग्रुपवर आता सगळे पार्किंगवरून भांडतात. मांजरांना घालायचं काम माझ्याकडून गेलं आहे, त्यामुळे नवरा खूश आहे आणि गीता अजून तशीच आहे. मी तिन्हीसांजेला दिवा लावते तेव्हा आमच्या बाल्कनीतून खालचं मागचं दार दिसतं. सेक्रेटरी ऑफिसातून येतात, बूटसुद्धा काढत नाहीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि वाटी पायरीवर दोनदा आपटतात. कान कापलेली सगळी मंडळी येतात, तीनरंगी सर्वात शेवटी, बोलावणं आल्यासारखी. खाऊन होईपर्यंत ते बसून राहतात. मग वाटी उचलतात, आणि आत जाताना उंबऱ्यात थांबून, आतल्या खोलीतून कुणी विचारल्यासारखं, जरा मोठ्याने सांगतात, "घातलं गं आई."